१९३४ ची लंडन–मेलबर्न हवाई शर्यत, घरबसल्या आणि डीसी-३ घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सिम्युलेटर मंडळींच्या शर्यतीची नोंदणी सुरू झाली की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही अगदी सुरुवातीचे असतात, तर काही नियमपुस्तिका तीनदा वाचूनही न सुटणारे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही शर्यत म्हणजे नेमकं काय? खरं विमान कोण उडवतं?

खरं विमान कोणीच उडवत नाही. प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलहून निघतो आणि टप्प्याटप्प्याने मेलबर्नला पोचतो. अंतर खरं, वारा खरा, आणि लागणारा वेळही खरा. एकूण सुमारे १८,२०० किलोमीटर. डीसी-३ या जुन्या, दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला एवढं अंतर कापायला निव्वळ हवेत ६८ तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे हे एका शनिवार-रविवारचं काम नाही.

२. १९३४ मध्ये काय झालं होतं? त्या शर्यतीचं एवढं कौतुक का?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या शताब्दीनिमित्त मेलबर्नचे मिठाई-चॉकलेटचे कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी बक्षीस लावलं. २० ऑक्टोबर १९३४ च्या पहाटे मिल्डनहॉलहून २० विमानं निघाली. पहिलं आलं डी हॅविलँडचं लालभडक कॉमेट, चार्ल्स स्कॉट आणि टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांचं, साधारण ७१ तासांत. हे विमान याच शर्यतीसाठी बनवलं होतं. दोन माणसं आणि पेट्रोल, एवढंच त्यात मावायचं.

खरी खळबळ दुसऱ्या क्रमांकाने उडवली. केएलएम या डच विमान कंपनीचं ‘उइव्हर’ नावाचं डीसी-२ हे प्रवासी विमान. त्यात पार्मेंटिए आणि मोल हे वैमानिक, एक मेकॅनिक, एक रेडिओ ऑपरेटर, तीन प्रवासी आणि टपालाच्या थैल्या होत्या. ते ९० तास १३ मिनिटांत पोचलं आणि हँडिकॅप विभागाचं, म्हणजे विमानाच्या क्षमतेप्रमाणे सवलत धरणाऱ्या विभागाचं, बक्षीस घेऊन गेलं. तिसरं आलेलं बोइंग २४७ सुद्धा प्रवासी विमानच. जगाच्या त्या टोकाला साधं प्रवासी विमान चार दिवसांत जाऊ शकतं, हे त्या आठवड्यात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही शर्यत आखतो ती उइव्हरच्या पावलांवर, कॉमेटच्या नाही. नियमांमागचं सगळं डोकं तिथूनच आलेलं आहे.

३. उइव्हर तर डीसी-२ होतं. मग तुम्ही डीसी-३ का घेता?

कारण ते सगळ्यांना सहज मिळतं. डीसी-३ हे डीसी-२ चंच रुंद केलेलं भावंड आहे. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चं, म्हणजे शर्यतीनंतर वर्षभराने. वेग आणि स्वभाव दोघांचा बराच सारखा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत डीसी-३ फुकट आलं, तेव्हापासून बहुतेक जण तेच वापरतात. तुमच्याकडे चांगलं डीसी-२ असेल तर अवश्य आणा, त्याला आमच्याकडे आधी मान आहे. मोठ्या विमानांबद्दल प्रश्न २१ पाहा.

४. कोणता सिम्युलेटर लागेल? माझा कॉम्प्युटर जुना आहे.

मायक्रोसॉफ्टचा २०२० किंवा २०२४, एक्स-प्लेन, प्रीपेअर्ड (Prepar3D), अगदी जुना एफएसएक्ससुद्धा चालतो. खर्च करायचा नसेल किंवा कॉम्प्युटर बेताचा असेल तर फ्लाइटगिअर घ्या. तो पूर्ण मोफत आहे आणि त्यासाठी डीसी-३ चं मॉडेलही मोफत मिळतं. चित्रं साधी दिसतील, पण शर्यत चित्रांवर जिंकली जात नाही. सोबत ‘लिटल नॅव्हमॅप’ हा मोफत नकाशा उतरवून घ्या. मार्ग आखायला तो लागतोच, शिवाय तुमच्या उड्डाणाचा माग तो जीपीएक्स फाइलमध्ये साठवतो आणि तीच फाइल आम्ही पुरावा म्हणून घेतो.

५. फक्त कीबोर्ड-माऊसवर जमेल का?

हवेत जमेल, जमिनीवर नाही. डीसी-३ ला शेपटाखाली चाक असतं, आणि धावपट्टीवर त्याला सरळ ठेवायला पायाचं काम, म्हणजे रडर, सतत लागतं. पेडल नसतील तरी चालेल, पण निदान दांडा पिळता येणारी जॉयस्टिक घ्या. सेकंडहँड मिळाली तरी उत्तम.

६. आजवर सेसना आणि एअरबसच उडवलं आहे. डीसी-३ किती अवघड जाईल?

आठवडाभर संध्याकाळी सराव केलात तर नाही जाणार. टेकऑफच्या आधी विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर सरळ उभं करा, दोन-चार मीटर पुढे घ्या आणि मगच टेलव्हील लॉक करा. चाक वाकडं असताना लॉक लावायला गेलात की विमान एका बाजूला ओढतं. थ्रॉटल हळूहळू पुढे न्या. एकदम ढकललात तर नाक डावीकडे धावतं. वेग वाढला की शेपूट आपोआप उचललं जातं, आणि ८० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, १.८५ किलोमीटर) आसपास विमान स्वतःच उडायला मागतं.

उतरताना पुढची दोन चाकं आधी टेकवा, शेपूट हवेतच ठेवा, वेग कमी होईल तसं ते खाली येऊ द्या. आणि इथे बहुतेकांचा घात होतो: चाकं टेकली की काम संपलं असं समजून पाय सैल सोडतात. आडवा वारा असेल तर विमान तेव्हाच गरकन फिरतं. टॅक्सीवेवर वळेपर्यंत पाय जागे ठेवा.

७. “इंजिन सांभाळा” असं नियमांत चार ठिकाणी लिहिलंय. म्हणजे नक्की काय करायचं?

शर्यतीचा निकाल इथेच लागतो, म्हणून जरा सविस्तर.

डीसी-३ च्या प्रत्येक इंजिनाला तीन दांडे आहेत: थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्श्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण). ताकद वाढवताना आधी मिक्श्चर, मग प्रोपेलर, शेवटी थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग प्रोपेलर. हा क्रम उलटा झाला की कमी फेऱ्यांवर इंजिनावर जास्त दाब येतो. डीसी-३ च्या ट्विन वास्प इंजिनासाठी साधारण आकडे असे धरा (इंच हे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचे, फेरे दर मिनिटाचे): टेकऑफला ४८ इंच आणि २,७०० फेरे, चढताना ३६ इंच आणि २,३५०, आणि एकदा उंची गाठली की ३० इंच आणि २,०५०. तुमच्या मॉडेलच्या चेकलिस्टमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. टेकऑफची ताकद दोन-तीन मिनिटांपलीकडे ठेवू नका. समुद्रसपाटीवर पूर्ण थ्रॉटल लावून ‘थोडा वेग जास्त मिळतो’ म्हणणाऱ्यांचं सिलिंडरचं तापमान बगदादच्या अलीकडेच लाल रेघेला टेकतं.

काऊल फ्लॅप हा विसरला जाणारा भाग. इंजिनाभोवतीच्या त्या झडपा जमिनीवर उघड्या, चढताना थोड्या उघड्या आणि सरळ उड्डाणात बंद. उघड्याच राहिल्या तर वेग पडतो आणि कारण सापडत नाही.

खाली उतरायला सुरुवात लवकर करा. ८,००० फुटांवरून मिनिटाला ४०० फुटांनी उतरायचं तर वीस मिनिटं लागतात, म्हणजे मुक्कामाच्या जवळपास पन्नास नॉटिकल मैल आधी. थ्रॉटल पूर्ण बंद करून दगडासारखं खाली येऊ नका. गरम इंजिन एकदम थंड पडतं, आणि प्रोपेलर उलटा इंजिनाला फिरवायला लागतो. जुन्या वैमानिकांचा साधा हिशोब असा: दर १०० फेऱ्यांना निदान एक इंच दाब. २,००० फेरे असतील तर २० इंचांच्या खाली जायचं नाही.

काही मोफत मॉडेलमध्ये इंजिन कितीही छळलं तरी बिघडत नाही. तरीही तुमच्या नोंदीत टेकऑफची ताकद पाच मिनिटांहून जास्त दिसली तर आम्ही प्रत्येक वेळेस दहा मिनिटं दंड लावतो.

८. मार्ग ठरलेला आहे का? कुठे थांबावंच लागतं?

१९३४ चेच पाच सक्तीचे थांबे आहेत: बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल. मिल्डनहॉल ते बगदाद २,५५३ मैल, पुढे अलाहाबाद २,३००, सिंगापूर २,२१०, डार्विन २,०८४, चार्लव्हिल १,३८९ आणि मेलबर्न ७८७. हे जमिनीवरचे मैल आहेत, नॉटिकल नाहीत. दोन्हींची गल्लत करून इंधनाचा हिशोब चुकवणारे दर वर्षी निघतात.

मधे कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा. उइव्हर रोम, अथेन्स, अलेप्पो, बगदाद, जास्क, कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, अलोर स्टार, सिंगापूर, बटाव्हिया (आजचं जकार्ता), लोंबोक बेटावरचं रांबांग, कुपांग, डार्विन, क्लोनकरी आणि चार्लव्हिल असं गेलं होतं. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांनी डोळे झाकून हाच मार्ग घ्यावा. यातला सर्वांत लांब टप्पा बगदाद–जास्क, सुमारे ८४० नॉटिकल मैलांचा, आणि तो डीसी-३ च्या सहज आवाक्यात आहे.

अलाहाबादला बमरौली विमानतळावर उतराल तेव्हा एक लक्षात असू द्या: १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने याच शहरातून जवळच्या नैनीला टपाल नेलं, आणि जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल म्हणून त्याचीच नोंद आहे. शर्यतीशी याचा संबंध नाही, पण तिथून निघताना मला दर वेळी ते आठवतं.

९. वेळ वाचवायला कोणते थांबे गाळता येतील?

हा सगळ्यांचा आवडता प्रश्न, आणि बरोबरच आहे. प्रत्येक थांब्याला आम्ही ३० मिनिटं धरतो (प्रश्न १०), वर उतरण्या-चढण्यात पंधराएक मिनिटं जातात. म्हणजे एक थांबा गाळला की पाऊण तास खिशात.

हिशोब असा करा. डीसी-३ च्या टाक्यांत सुमारे ८०० गॅलन मावतं. सांभाळून उडवलं तर ताशी ९५ गॅलन जातात आणि वेग १४५ नॉट मिळतो. उतरल्यावर एका तासाचं इंधन शिल्लक असलंच पाहिजे, हा आमचा नियम आहे. म्हणजे वापरायला सात तास आणि थोडं वर. वारा नसताना हजार-सव्वाहजार नव्हे, १,०५० नॉटिकल मैल हीच हद्द समजा.

यात सहज बसतात ते दोन: कराचीहून थेट अलाहाबाद, सुमारे ७९० नॉटिकल मैल, जोधपूर गाळून. आणि अलाहाबादहून थेट रंगून, सुमारे ९५५ नॉटिकल मैल, कलकत्ता गाळून. पाठीवर वारा असेल तरच घ्यावेत असे तीन: अथेन्स–बगदाद, रंगून–सिंगापूर आणि बटाव्हिया–कुपांग, तिन्ही हजाराच्या किंचित वर. डार्विन–चार्लव्हिल थेट जायचं स्वप्न पाहू नका. ते १,२०० च्या वर आहे, टाकी कोरडी पडते, आणि खाली मैलोन्मैल माणूस दिसत नाही. क्लोनकरीला थांबा.

भरल्या टाक्यांनिशी विमान जड होतं. कमाल वजन २६,२०० पौंड. अलाहाबादच्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोन वाजता त्या वजनाने निघालात तर धावपट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडत नाहीत. पहाटे निघा. पाऊण तास वाचवायला गेलेल्या माणसाने दीड तास गमावलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. माझं मत विचाराल तर सोपे दोन थांबे गाळा, बाकीचे घ्या.

१०. मी नोकरी करतो. सलग चार दिवस कसा बसू?

बसायचं नाही. एका थांब्यावर उतरलात की घड्याळ थांबतं, पुढचा टप्पा दोन दिवसांनी घेतलात तरी चालतं. आम्ही चाकं हलल्यापासून विमान उभं राहीपर्यंतचा वेळ मोजतो आणि दर थांब्याला ३० मिनिटं मिळवतो. सगळी शर्यत सहा आठवड्यांत संपवायची. बरेच जण आठवड्याला तीन टप्पे घेतात: एक मधल्या वारी रात्री, दोन शनिवार-रविवारी.

११. हँडिकॅप कसा लावता?

प्रत्येक विमानाला एक अपेक्षित वेग दिलेला आहे. डीसी-३ चा १४५ नॉट. त्या वेगाने पूर्ण मार्गाला किती वेळ लागला असता आणि तुम्हाला प्रत्यक्ष किती लागला, यांचं गुणोत्तर म्हणजे तुमचा निकाल. म्हणून संथ विमान घेतलं म्हणून कोणी मागे पडत नाही, आणि वेगवान घेतलं म्हणून पुढे जात नाही. अट एकच: विमानात निदान १,००० पौंडांचा भार हवा, तीन प्रवासी आणि टपाल धरून. रिकामं विमान पळवणं आम्हाला मंजूर नाही. उइव्हरचं यश भार वाहून नेलेल्या विमानाचं होतं, त्यातच त्याची किंमत आहे.

१२. जीपीएस आणि ऑटोपायलट वापरू का?

मायक्रोसॉफ्टच्या डीसी-३ चे दोन प्रकार येतात. एकात जुनी घड्याळं, दुसऱ्यात आधुनिक पडदे. शर्यतीत जुनाच घ्यायचा. ऑटोपायलट चालतो, पण जुन्या स्पेरी पद्धतीचा, जो विमान सरळ आणि समतल ठेवतो, एवढंच. उंची आणि दिशा तुम्ही अधूनमधून हाताने सुधारत राहायचं. रेडिओ कंपासवर बीकन (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) पकडायला पूर्ण मुभा आहे. नकाशावर स्वतःच्या विमानाचं चिन्ह बघत उडवणं मात्र बंद. ‘लिटल नॅव्हमॅप’मध्ये ते चिन्ह लपवून ठेवा, माग नोंदला जातोच.

नवख्यांसाठी वेगळा विभाग आहे, त्यात सगळं चालतं. पहिलं वर्ष तिथे काढायला काहीच हरकत नाही.

१३. मग समुद्रावर वाट कशी शोधायची? कुपांग–डार्विनची भीती वाटते.

भीती योग्य आहे. तिमोर समुद्रावरचा तो टप्पा साडेचारशे नॉटिकल मैलांचा आहे आणि मधे बघायला काही नाही. पण हिशोब शिकलात तर हाच टप्पा सगळ्यात जास्त समाधान देतो.

एक सूत्र पाठ करा: ६० मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैल बाजूला. ४५० मैलांवर एक अंशाने साडेसात मैल, पाच अंशांनी जवळपास ३८ मैल. निघाल्यावर किनारा दिसतोय तोवर वारा तुम्हाला किती बाजूला ढकलतोय ते मागे वळून बघा आणि तेवढं नाक वाऱ्याकडे वळवा. दर अर्ध्या तासाला वेळ, दिशा आणि वेग कागदावर लिहा. खरंच कागदावर, पेन्सिलने. डोक्यात ठेवलेला आकडा तिसऱ्या तासाला खात्रीने बदलतो.

आता युक्ती. थेट डार्विनवर नेम धरू नका. मुद्दाम वीसेक मैल उत्तरेला धरा. किनारा लागला की डार्विन उजवीकडेच असणार हे पक्कं माहीत असतं, शोधाशोध करावी लागत नाही. उत्तरेला बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही मोठी बेटं आहेत, स्वच्छ हवेत ती लांबून दिसतात. नेम शहरावरच धरलात आणि किनाऱ्यावर शहर दिसलं नाही, तर डावीकडे वळावं की उजवीकडे, हे सांगणारं तिथे कोणी नसतं.

होकायंत्र आणि खरी उत्तर यांतला फरकही विसरू नका. भारतावर तो नगण्य आहे, पण मेलबर्नकडे जाताना अकराएक अंश पूर्वेला जातो. चार्लव्हिलहून निघताना हा हिशोब चुकला तर तुम्ही शंभरावर मैल बाजूला पोचता.

१४. हवामान खरं ठेवायचं की स्वच्छ?

खरं, म्हणजे त्या क्षणाचं. शर्यत आम्ही ऑक्टोबरमध्येच घेतो, कारण मूळ शर्यतही तेव्हाच होती. त्याचे परिणाम भोगावे लागतात: बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. वादळ असेल तर थांबा, घड्याळ बंदच आहे. रंगूनच्या दक्षिणेला दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. तो टप्पा पहाटेचा ठेवा आणि त्यांच्या बाजूने जा, मधून नाही. ओलसर ढगात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, अगदी उष्ण प्रदेशातही. दाबाचा काटा कारण नसताना उतरायला लागला तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, लावा.

१५. जास्त उंचीवर वेग जास्त मिळतो. वर जाऊ का?

केबिन बंदिस्त दाबाची नाही आणि प्रवासी सोबत आहेत. म्हणून १०,००० फुटांची मर्यादा. डोंगर ओलांडायला अर्धा तास १२,५०० पर्यंत चालेल.

१६. टाइम ॲक्सिलरेशन आणि पॉज चालतं का?

मुख्य विभागात ॲक्सिलरेशन (सिम्युलेटरमधला वेळ भरभर पळवणं) नाही. नवख्यांच्या विभागात समुद्रावर दुप्पट वेग चालतो. पॉज दर टप्प्याला एकदा, १५ मिनिटांपर्यंत. दारावर कोणी आलं, घरात जेवायची हाक आली, यासाठी तेवढं पुरतं.

१७. मध्येच लाईट गेली किंवा सिम्युलेटर बंद पडला तर?

महाराष्ट्रातून येणाऱ्या पत्रांमध्ये हा पहिल्या तिनांत असतो. यूपीएस असेल तर उत्तमच, नसेल तर मागाची फाइल दर काही मिनिटांनी आपोआप साठेल अशी सोय करून ठेवा. बंद पडल्यास शेवटच्या नोंदलेल्या जागी, त्याच उंचीवर, त्याच इंधनासह पुन्हा सुरू करा आणि वेळेत १५ मिनिटं मिळवा. एका टप्प्यात ही सवलत एकदाच. दुसऱ्यांदा गेली तर टप्पा सुरुवातीपासून. इंटरनेट गेलं पण सिम्युलेटर चालू आहे, तर उडत राहा. थेट हवामान तेवढं मिळणार नाही, टिपण लिहून कळवा.

१८. आम्ही दोघं मिळून एक विमान उडवू शकतो का?

हो, आणि आम्हाला ते जास्त आवडतं. बापलेक, बहीणभाऊ, हॉस्टेलमधले मित्र असे जोड्या करून येतात. टप्पे वाटून घ्या, किंवा एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने नकाशा-पेन्सिल सांभाळायची. तिमोर समुद्रावर (प्रश्न १३) दुसरी पद्धत फार कामाला येते. जास्तीत जास्त चार जण.

१९. मी परदेशात राहतो. वेळ कोणता लिहू?

सगळ्यांनी यूटीसी, म्हणजे ग्रीनिचवर आधारलेली जागतिक वेळ. भारतातल्यांनी घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत. न्यू जर्सी, दुबई, पुणे, सगळ्यांची नोंद एकाच घड्याळावर आली नाही तर निकालपत्रक लावता येत नाही.

२०. १९३४ चे विमानतळ आज नाहीत. तिथे कुठे उतरू?

मूळ जागेपासून ५० नॉटिकल मैलांच्या आतली कुठलीही धावपट्टी चालते. कराची, डमडम (कलकत्ता), मिंगलाडॉन (रंगून), बमरौली हे आजही आहेत. सिंगापूरला चांगीवर जाऊ नका, सेलेटार अजून चालू आहे. १९३४ ला स्पर्धक तिथेच उतरले आणि डीसी-३ ला ती धावपट्टी भरपूर होते. रांबांगची पट्टी आता नाही, लोंबोकचा विमानतळ घ्या. शेवटी मेलबर्नला फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सवरून कमी उंचीवर एक फेरी मारायची, ती अंतिम रेषा. मूळचे स्पर्धक नंतर लॅव्हर्टनला उतरले होते. आपण एसेंडनला उतरतो.

२१. डीसी-६ किंवा कॉन्स्टेलेशन घेऊन येऊ का?

वेगळ्या विभागात. ही विमानं १९३४ ला नव्हतीच, पण त्यांचीही एक शर्यत आहे: १९५३ ची लंडन ते न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. त्यात केएलएमने डीसी-६ प्रवाशांसह उतरवलं आणि वाहतूक विभागाचं हँडिकॅप जिंकलं. पुढच्या वर्षी तो मार्ग घ्यायचा विचार आहे. डीसी-६ ची चार इंजिनं, पाण्याचं इंजेक्शन आणि टॉर्कचे काटे सांभाळायला वेगळा अभ्यास लागतो. आधी दोन इंजिनांवर प्रश्न ७ पक्का करा.

२२. एक इंजिन बंद पडलं किंवा वाट चुकून भलत्याच ठिकाणी उतरलो तर बाद होतो का?

नाही. बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर करा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या दिशेला वळवा, आणि जवळच्या धावपट्टीवर जा. दुरुस्तीचे दोन तास मिळवले जातात, शर्यत पुढे चालू.

भलत्या ठिकाणी उतरलात तर तिथे डीसी-३ ला चालणारं इंधन सिम्युलेटरमध्ये मिळतं का ते बघा. नसेल तर तिथून भरता येणार नाही. हा नियम कडक वाटतो, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९३४ मध्ये जिम मोलिसन आणि एमी जॉन्सन हे जोडपं आपलं कॉमेट घेऊन कराचीपर्यंत सर्वांच्या पुढे होतं. कराचीहून अलाहाबादला जाताना वाट चुकून ते जबलपूरला उतरले. तिथे विमानाचं उच्च प्रतीचं पेट्रोल नव्हतं, म्हणून बसगाड्यांचं भरलं. इंजिनं त्याने खराब झाली आणि अलाहाबादला त्यांची शर्यत संपली.

२३. धावपट्टी सोडून मैदानात उतरलं तर मोजता का?

एका अटीवर, आणि ती अट ऑल्बरीवरून आली आहे. शेवटच्या रात्री उइव्हर चार्लव्हिल–मेलबर्न टप्प्यावर वादळात सापडलं आणि वाट चुकलं. न्यू साउथ वेल्समधल्या ऑल्बरी गावावर त्याची घरघर ऐकू येत होती. नगरपालिकेचे विद्युत अभियंता लाइल फेरिस यांनी गावाचे दिवे चालू-बंद करून मोर्स भाषेत गावाचं नाव आकाशाकडे पाठवलं. रेडिओचे निवेदक आर्थर न्यूनहॅम यांनी लोकांना मोटारी घेऊन रेसकोर्सवर बोलावलं. गाड्यांच्या दिव्यांनी उजळलेल्या त्या चिखलात पार्मेंटिए यांनी विमान सुखरूप उतरवलं. सकाळी गावकऱ्यांनी दोरखंड लावून ते चिखलातून ओढून काढलं, वजन हलकं केलं, आणि विमान मेलबर्नला जाऊन दुसरं आलं.

म्हणून: खराब हवामान किंवा इंधन संपत आल्याची स्पष्ट नोंद मागात दिसत असेल, विमान मोडलं नसेल आणि त्याच जागेवरून पुन्हा उडवता आलं, तर ते उतरणं मान्य. वजन कमी करायला प्रवासी आणि टपाल तिथेच उतरवता येतं, मात्र हँडिकॅपमध्ये त्या टप्प्याचा भार शून्य धरला जातो. केवळ जवळचा रस्ता म्हणून शेतात उतरलात तर टप्पा रद्द.

२४. दोघांचा निकाल सारखा आला तर?

ज्याने कमी इंधन वापरलं तो पुढे. तेही सारखं निघालं तर जड भार नेणारा. याच्या पुढे बरोबरी टिकली तर क्रमांक दोघांना मिळून.